पैसे बंद झाले म्हणजे माणूस खोटा ठरतो का?

(३ डिसेंबर २०२५ रोजी, जागतिक दिव्यांग दिनानिमित्त भंडारा येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जन्म पवनी तालुक्यातला, पदवी नागपूरची, नोकरी पुण्यात. दिव्यांगांच्या प्रश्नावर बोलायला मला कशाला बोलावता, असं मी आयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या घरी जे घडलं तेवढं सांगा." म्हणून घरापासूनच सुरुवात करतो.

माझी फुफू, म्हणजे अब्बांची मोठी बहीण, आज साठीला आली आहे. लहानपणी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा गेला. लग्न झालं नाही. तीस-पस्तीस वर्षं तिनं विड्या वळल्या. तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तिला महिन्याला १५०० रुपये मिळत. ती त्यांना 'माझे पैसे' म्हणायची. घरात कुणाकडेही न मागता ती या पैशांतून औषध आणायची, ईदला भाचरांना ईदी द्यायची.

२०२४ च्या शेवटी हे अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा करायची पद्धत आली आणि फुफूचे पैसे बंद झाले. एक महिना झाला, दोन झाले, पाच झाले.

पैसे बंद झाले याहून मला जास्त लागलं ते लोक काय म्हणाले ते. शेजारी म्हणाले, "बंद झाले म्हणजे कागदात काहीतरी खोटं असेल." बँकेच्या दारात सात पायऱ्या आहेत. ती खालच्याच पायरीवर बसायची. रांगेतला एक जण बोलून गेला, "खरंच चालता येत नाही, का पैशासाठी?" आणि मी स्वतः पुण्याहून फोनवर पहिला प्रश्न काय विचारला? "फुफू, तू कुठं चुकीची सही तर केली नाहीस ना?" तिचा पाय मी जन्मापासून पाहत आलो आहे. तरी यंत्र 'नाही' म्हणालं, तेव्हा मी यंत्रावर विश्वास ठेवला आणि तिच्यावर शंका घेतली.

आता झालं काय होतं ते सांगतो, कारण इथल्या अनेकांच्या घरी हेच झालं असणार. आधारवर येणारा सरकारी पैसा तुम्ही पासबुक दाखवता त्या खात्यात जातोच असं नाही. आधार ज्या बँकेशी सर्वांत शेवटी जोडला गेला, त्या बँकेच्या खात्यात तो जातो. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका शिबिरात कुणीतरी फुफूचा अंगठा घेऊन तिच्या नावानं दुसरं खातं उघडलं होतं. तिला आठवतही नव्हतं. तिचे पाच महिन्यांचे पैसे त्या खात्यात पडून होते. सरकारच्या पडद्यावर व्यवहार 'यशस्वी' दिसत होता. ते खातं सापडल्यावर पैसे काढायला गेलो, तर अंगठा उमटेना. विडीनं झिजलेलं बोट यंत्र ओळखत नव्हतं. चार खेपा झाल्या, दर खेपेला सोबत एक माणूस आणि ऑटोचं भाडं.

यात चोर कुणी नाही. कुणी तिचं अनुदान थांबवायचा आदेश काढला नाही. तरी एका बाईचं पाच महिन्यांचं औषध थांबलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मीही असे फॉर्म बनवतो. 'ही माहिती भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' अशी ओळ लिहायला मला दोन मिनिटं लागतात. नाव जुळलं नाही तर अर्ज नाकारायचा, बोट जुळलं नाही तर नाकारायचा, अशा अटी मी स्वतः लिहिल्या आहेत. शंभरातल्या पंच्याण्णव लोकांचं काम झालं की आम्ही आपसात म्हणतो, छान चाललंय. उरलेले पाच कोण, हे आम्ही विचारत नाही. ते पाच बहुतेक वेळा तेच असतात: बोटं झिजलेले मजूर, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्ती, न दिसणारे, अंथरुणावरून न उठणारे. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण अजूनही सापडतात, म्हणून हे आपल्याला दूरचं वाटायला नको. २०१७ मध्ये बंगळुरूतल्या एका वृद्ध कुष्ठरुग्ण महिलेचं पेन्शन आधार काढता येईना म्हणून अडलं होतं. तिच्या बोटांचे ठसे येत नव्हते आणि डोळ्यांचंही स्कॅन होत नव्हतं.

मित्रहो, कपात म्हटलं की आपल्याला वाटतं, सरकार घोषणा करेल, पेपरात बातमी येईल. काही देशांत तसं होतं. ब्रिटनमध्ये मार्च २०२५ मध्ये सरकारनं दिव्यांगांच्या भत्त्याचे निकष कडक करणार असल्याचं जाहीर केलं. दिव्यांगांच्या संघटना उठल्या, सत्ताधारी मजूर पक्षाचेच शंभराहून अधिक खासदार विरोधात गेले आणि १ जुलैला सरकारला तो भाग विधेयकातून काढावा लागला. तिथं कपातीला नाव होतं, तारीख होती, म्हणून तिच्याशी लढता आलं. आपल्याकडे कपात एकेका माणसाच्या वाट्याला वेगवेगळी येते. प्रत्येकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मग मोर्चा कोण काढणार आणि कशाविरुद्ध?

दुसरी कपात आकडा न बदलता होते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेत ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्राचा वाटा आहे महिना ३०० रुपये. हा आकडा २०१२ पासून तोच आहे. २०१२ मध्ये १०० धरलेला महागाईचा निर्देशांक २०२५ मध्ये १९० च्या वर होता. म्हणजे त्या ३०० रुपयांत आज तेव्हाच्या दीडशे-एकशेसाठ रुपयांचा माल येतो. निम्मी कपात झाली आणि कुणाला सहीसुद्धा करावी लागली नाही.

तिसरी कपात उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. हिशेब करा. घरातल्या एकाच माणसानं या दरानं वर्षात १६१ दिवस काम केलं, की मर्यादा ओलांडली. म्हणजे भाऊ वर्षातले निम्मे दिवससुद्धा राबला नाही, तरी दिव्यांग बहीण अपात्र! मग लोक तलाठ्याकडे कमी उत्पन्न सांगतात. आधी निकष असा ठेवायचा की गरिबाला खोटं बोलावं लागेल, आणि मग म्हणायचं, "बघा, सगळे बोगस!"

हा 'बोगस' शब्द हल्ली फार चालतो. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर प्रमाणपत्रांची तपासणी सुरू झाली. खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी लाटणारा खऱ्या दिव्यांगाचीच जागा खातो. त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण मोठ्या पदासाठी कुणी लबाडी केल्याचा संशय घेऊन आपण पवनीच्या पायरीवर बसलेल्या बाईकडे बघायला लागलो, तर तो न्याय नव्हे.

आणि दिसतं तेवढंच दिव्यांगत्व असतं असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यात सिकलसेल आहे. विदर्भात सिकलसेल म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. आमच्या मोहल्ल्यात एक मुलगा आहे. सोमवारी तो क्रिकेट खेळताना दिसतो आणि गुरुवारी दुखण्यानं तळमळत दवाखान्यात असतो. "काल तर खेळत होता, आज कसला दिव्यांग?" असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्याच्या अंगातल्या वेदनेला माझ्या डोळ्यांचा दाखला लागत होता!

संशयाला एक जुळी बहीण आहे, ती म्हणजे कीव. रमजानमध्ये आपण सढळ हातानं जकात देतो, गणपती-नवरात्रात मंडळं तीनचाकी सायकली वाटतात. चांगलंच आहे. पण वाटताना फोटो काढतो, घेणाऱ्याची मान खाली आणि देणाऱ्याची वर. ज्याला आपण वर्षातून एकदा 'बिच्चारा' म्हणतो, तो तहसीलमध्ये ठामपणे उभा राहून 'माझा हक्क द्या' म्हणाला की आपल्यालाच तो उद्धट वाटतो. भिक्षा बंद झाली तर कुणी तक्रार करत नाही, म्हणून हक्काला भिक्षेचं रूप दिलं की कपात सोपी होते.

या कायद्याचं कलम २४ बघा. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी, असं त्यात लिहिलं आहे. सरकारनं आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत हे करायचं आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. संजय गांधी योजनेत दिव्यांगांचे १५०० चे २५०० झाले ते ऑक्टोबर २०२५ पासून. या वाढीचं मी मनापासून स्वागत करतो. तिच्यामागे अनेक वर्षांची आंदोलनं आहेत. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिना ६००० रुपये ही मागणीही होती. पण वाढ झाली तेव्हा आपण म्हणालो, "सरकारनं भेट दिली." आठ वर्षं उशिरा आलेल्या हक्काला भेट म्हणत नाहीत.

थोडं आपल्या घरातलंही बोलू. कुराणातली 'अबस' ही सूरत एका अंध माणसाच्या प्रसंगानं सुरू होते. तो विचारायला आला असता त्याच्याकडे दुर्लक्ष झालं, त्याबद्दलची ती ताकीद आहे. पुढे तेच हजरत इब्ने उम्मे मकतूम मदिनेत अजान देत असत. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मग वजूखान्यापर्यंत चाकाची खुर्ची का जात नाही? आपली मंगल कार्यालयं, मंदिरं, विहारं, सगळीकडे पायऱ्याच का? 'अपंग'चं 'दिव्यांग' करायला सरकारला एक आदेश पुरला. पायरीशेजारी उतार करायला दोन पोती सिमेंट लागतं. तेही आपण अजून आणलेलं नाही.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

एक. कुणाचं अनुदान अडलं असेल तर आधी आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते बघा. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसतं, फक्त नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. चुकीची बँक असेल तर वापरातल्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या. मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलांनी आठवड्यातून दोन तास हे काम केलं तर कितीतरी घरांचा प्रश्न सुटेल.

दोन. नकार तोंडी घेऊ नका. "पोर्टलवर येत नाही" हे उत्तर नाही. कारण लेखी मागा, तारीख मागा. एका गावातली दहा लेखी कारणं एकत्र ठेवली की एकेकट्याची वाटणारी चूक सगळ्यांची अडचण म्हणून दिसते. मोर्चा तिथून सुरू होतो.

तीन. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, किती जमा झाला, कशावर खर्च झाला? आणि हे विचारणारा शक्यतो गावातला दिव्यांगच असू द्या. आपण शेजारी उभं राहू.

चार, माझ्या व्यवसायातल्या मुलामुलींसाठी. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या महिलांना ई-केवायसीच्या वेळी पापणी मिटून दाखवता येत नव्हती. अंध व्यक्तींनाही ती प्रक्रिया एकट्यानं पूर्ण करता येत नव्हती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि वीस निर्देश दिले. आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे. जिथं अंगठा मागाल, तिथं अंगठा नसलेल्यासाठी दुसरी वाट ठेवा. ती वाट ठेवली नाही तर दोन मिनिटांत लिहिलेली तुमची ओळ कुणाचं तरी औषध थांबवेल.

फुफूचे पैसे आता सुरू झाले आहेत, वापरातल्या खात्यात येतात. मागचे पाच महिनेही मिळाले. पण तिनं त्यांना 'माझे पैसे' म्हणणं सोडलं आहे. हल्ली ती म्हणते, "सरकारचे पैसे, कधीही बंद होतील." एवढं त्या पाच महिन्यांनी आणि आमच्या संशयानं मिळून केलं. पैसे परत आणता आले, तो शब्द अजून आणता आलेला नाही.

म्हणून जाताना एवढंच मागतो. उद्या शेजारची बाई येऊन म्हणाली, "माझं अनुदान बंद झालं," तर "काय खोटं केलंस?" असं मनातसुद्धा म्हणू नका. "कुठं अडलं, चल बघू," म्हणा आणि सोबत जा.