शहरातला पोशाख, रानातला कोसा



प्राणहितेच्या काठची अहेरी सोडून नागपूरच्या महाविद्यालयात दाखल झालेल्या मुलीला,
मैत्रिणींच्या नव्या धाटणीच्या वस्त्रांपुढे आपला साधा सलवार-कुर्ता ओशाळवाणा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

परंतु पोशाखाचा दर्जा शहर ठरवते,
आणि नागपूरचा निवाडा पुण्यात मंजूर होईलच, असे नाही!

आता गंमत पाहा.
आपल्याच, अहेरीच्या जिल्ह्यात, आरमोरीच्या परिसरात,
ऐन आणि अर्जुन वृक्षांच्या पानांवर ज्या अळ्या पोसल्या जातात,
त्यांच्या कोशांतून निघणारे टसर रेशीम, म्हणजेच कोसा,
शहरातील दुकानांत प्रतिष्ठेचे वस्त्र म्हणून चढ्या भावाने विकले जाते.

पुन्हा सांगतो, दर्जा शहर ठरवते.

कोशाची ही शेती पाहावयाची असल्यास पावसाळ्यात आरमोरीस जावे;
झाडांवरील अळ्या पाखरांपासून राखणारी माणसे तेथे भेटतील.