घरी बसणाऱ्यांचं मत



‘आमच्या घरात कुणी राजकारणात पडत नाही.’ गावोगावी फिरताना हे वाक्य मी फार ऐकते. सांगणारी माणसं सज्जन असतात, कष्टाळू असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणूनच ऐकून जास्त वाईट वाटतं.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आत्ता तुमच्यातलं कुणी धार काढत असेल, कुणी भाकरी थापत असेल. एखादं वाक्य कानावरून जायचं. गोष्ट ही की, तुम्ही बाहेर राहिलात तरी तुम्हाला मोजलं जातंच.

आडवी बाटली, उभी बाटली तुम्हाला ठाऊक आहे. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायका मतदान मागतात; आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. यासाठीचा राज्य सरकारचा 2008 चा आदेश नीट समजून घ्या. आलेल्या मतांपैकी निम्मी मतं मिळून भागत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. समजा, गावात 1000 महिला मतदार आहेत. 600 जणी आल्या. त्यांतल्या 490 जणींनी आडवी केली, 110 जणींनी उभी. दुकान बंद झालं? नाही. 501 हव्या होत्या. दुकान चालू ठेवलं ते त्या 110 जणींनी नव्हे. ‘नको बाई ते राजकारण’ म्हणून घरी राहिलेल्या 400 जणींनी. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरात दारूनं वाटोळं केलेलं असतं, आणि तरीही त्यांचं मत त्या दुकानाच्या पारड्यात पडतं. मत न देताच.

ग्रामसभेचं तेच. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी तेवढी माणसं जमली की सभा भरली. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर जण पुरेत. तेही जमले नाहीत की सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे तुमच्या न जाण्यानं सभा अडत नाही, उलट सोपी होते. चार टाळकी बसतात, ठराव होतो. कित्येक गावांत तर रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरतं. आपण उंबऱ्यात उभं राहून सही करतो आणि आत जाऊन म्हणतो, आम्ही राजकारणात नाही. अहो, ठरावाखाली सही तुमची आहे.

शेतकरी बंधूंनो, तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको. रात्रीची लाईट येते, तुमची पाण्याची पाळी असते. थंडी आहे म्हणून तुम्ही दारं धरायला गेला नाहीत. पाणी थांबतं का? पाटात सोडलेलं पाणी वाट मिळेल तिकडं जातं. एक वाफा तुंबतो, बांध फुटतो, शेजाऱ्याच्या कांद्यात पाणी शिरतं आणि तुमचा शेवटचा वाफा कोरडा राहतो. सकाळी शेजारी बांधावर आला तर, ‘मी पाण्याला हातसुद्धा लावला नाही,’ असं म्हणून भागेल? गावाचा पैसाही असाच पाटातून येतो. वित्त आयोगाचा निधी येतो, वर्षाचा आराखडा ठरतो, आणि दारं कुणीतरी धरतंच. जो खोरं घेऊन उभा असतो तो पाणी आधी आपल्या वाफ्याकडं वळवतो. ज्यांचं रान पाटाच्या शेपटाला, त्यांनी तर जागंच राहायला हवं. गावात शेपटाला कोण आहे? एकटी बाई, भूमिहीन मजूर, लांबच्या वस्तीवरची घरं. घरकुलाच्या यादीची खरी गरज त्यांना, आणि सभेला येणं अवघडही त्यांनाच, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. सभा संध्याकाळी, कामावरून परतायच्या वेळी ठेवा, हे कुणी सुचवायचं? जे येऊ शकतात त्यांनीच ना?

तुमची भीती मला कळते. निवडणूक झाली की भावकीत वाकडं येतं, दोन-दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाला माणसं जात नाहीत. पण पॅनेलमध्ये शिरा, झेंडा घ्या, असं मी म्हणतच नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा बघा. छोटंसं गोंड गाव. तिथले देवाजी तोफा आणि गावकरी म्हणतात, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. निर्णय बहुमतानं करत नाहीत, सगळ्यांच्या सहमतीनं करतात. एकाला जरी पटलं नाही तरी पुन्हा बसतात. अशा बैठकांतून 2009 मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, 2011 मध्ये आपला बांबू आपण विकायची मोकळीक मिळवली. सगळे सहमत व्हायचे तर सगळ्यांनी बसावं लागतं. तिथं ‘मी यात नाही’ म्हणणारा अख्खं गाव अडवून धरेल.

म्हणून पुन्हा सांगते, बाहेर राहणाऱ्यालाही मोजतात. फक्त कुणाच्या बाजूनं मोजायचं, ते दुसरेच ठरवतात.

भगिनींनो, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तुमच्या गावात मागची कधी झाली आणि तिचं इतिवृत्त कुठं आहे, एवढं उद्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. एकटीनं जाऊ नका, शेजारणीला बरोबर घ्या.