पावसाचे माप आपल्या अंगणात



पावसाळ्यात सकाळी दोन माणसे भेटली की, ‘काय, रात्री पाऊस किती झाला?’ हा प्रश्न निघतोच. त्याची उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणतो, ‘अहो, धो धो झाला’. कोणी म्हणतो, ‘बेताचाच होता’. आणि ज्याची झोप गाढ तो म्हणतो, ‘कुठे, मला तर काही ऐकू आले नाही.’ ही उत्तरे गप्पांना पुरेशी आहेत. हिशेबाला मात्र ती निरुपयोगी होत. आज उपग्रह, रडार आणि महासंगणक रात्रंदिवस राबतात आणि त्यांच्या श्रमाचे फळ म्हणून हवामानखात्याचे आकडे आपल्या खिशातील मोबाइलवर येऊन पडतात. परंतु ‘उद्या ११५ मिलिमीटर पावसाची शक्यता’ असे वाचल्यावर त्या आकड्याचा आपल्या विहिरीशी, आपल्या कौलांशी किंवा घरामागील दरडीशी काय संबंध आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस सांगता येईल?

प्रथम मिलिमीटर म्हणजे काय ते पाहू. पडलेला पाऊस जमिनीवर वाहून गेला नाही, मुरला नाही, वाळलाही नाही, तर जेवढ्या उंचीचे पाणी साचेल, तेवढा पाऊस झाला असे समजतात. यातून एक अतिशय सोयीचा हिशेब निघतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. शंभर चौरस मीटर छपराच्या घरावर एका मिलिमीटरला शंभर लिटर. छप्पर उतरते असेल तर कौलांचे क्षेत्र धरू नये. कौलांनी झाकलेल्या जमिनीचे धरावे.

हैदराबादेस वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे तेथील अशा एका छपरावर वर्षाला ऐंशी हजार लिटर पाणी उतरते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी चौसष्ट हजार उरतात. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. त्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबास हे पाणी साडेसात महिन्यांहून अधिक पुरेल. गोव्यात पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौपट; आणि तरीही मे महिन्यात तेथे टँकरची वाट पाहणारी घरे असतातच. एवढे पाणी साठवावयास टाकी कोठून आणावी, हा प्रश्न खरा आहे. पण टाकी केवढी बांधावी हे ठरविण्यापूर्वी पाणी किती पडते ते ठाऊक नको काय?

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी भांडे ठेवून पाऊस मोजण्याची व्यवस्था सांगितली आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे. उज्जैन-इंदूरकडील अवंतीचा आकडा त्यात आहे. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा पाऊस मात्र मोजमापापलीकडचा म्हणून सोडून दिला आहे. ज्याने कोकणातील आषाढ पाहिला आहे तो त्याबद्दल ग्रंथकारास दोष देणार नाही. अर्वाचीन काळी १८७५ साली भारतीय हवामानखाते स्थापन झाले, आणि तेव्हापासून हे मोजमाप देशभर शिस्तीने होऊ लागले.

मग सरकारी खाते मोजत असताना आपण घरी कशास मोजावे? याचे उत्तर मुंबईने २६ जुलै २००५ रोजी दिले. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ती सुमारे ७३ मिलिमीटरांची. कुलाब्याचा आकडा वाचून कुर्ल्याच्या माणसाने काय समजावे?

आमच्या बेळगाव जिल्ह्याचेही तेच. खानापूरकडील घाटमाथ्यावर पाऊस थांबावयाचे नाव घेत नाही, त्याच वेळी अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. या दोहोंची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तो दोघांपैकी कोणाच्याही शेतात पडलेला नसतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली नवी अंदाजपद्धती मे २०२५ मध्ये सुरू झाली. ती देशाचे सहा-सहा किलोमीटरांचे चौकोन पाडून अंदाज सांगते. पूर्वी हे चौकोन बारा किलोमीटरांचे होते. ही प्रगती मोठीच आहे. तरीही असा एक चौकोन छत्तीस चौरस किलोमीटरांचा होतो, आणि घाटात तेवढ्या जागेत दोन डोंगर, एक नदी आणि चार वाड्या सहज मावतात. त्यांपैकी आपल्या वाडीवर प्रत्यक्षात किती कोसळले, हे तेथे ठेवलेले भांडेच सांगू शकते.

आणि डोंगराळ भागात ही गोष्ट जिवाची असते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव पहाटे दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै आणि चूरलमला येथे दरड आली व दोनशेहून अधिक माणसे दगावली. वायनाडमधील ह्यूम सेंटर या संस्थेने जिल्ह्यात सुमारे दोनशे ठिकाणी पर्जन्यमापक बसविले आहेत. ते वाचतात कोण? शेतकरी, मळेवाले, अशी साधी माणसे. आणि रोजचा आकडा मोबाइलवरून केंद्रास कळवितात. त्या आकड्यांवरून आदल्या दिवशी सकाळीच आपण प्रशासनास धोक्याची सूचना दिली होती, असे त्या संस्थेने नंतर सांगितले. त्या सूचनेचे पुढे काय झाले, याची चर्चा मी येथे करीत नाही. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, डोंगरउतारावर किती पाणी मुरले आहे याचा अंदाज काही हजार रुपयांच्या भांड्यांनी आणि साध्या माणसांच्या सवयीने बांधता येतो. तेथे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा मागल्या तीन-चार दिवसांची बेरीज अधिक महत्त्वाची असते. ती बेरीज फुगत चालली, आणि त्यातच जमिनीला नवी भेग दिसली, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर रात्र त्या घरात काढू नये.

आता भांड्याविषयी. दोन लिटरांची प्लास्टिकची बाटली घ्यावी आणि तिचा निमुळता भाग जेथे संपतो तेथे कापावी. कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवावा. त्यामुळे पाणी वाळत नाही आणि पालापाचोळाही कमी पडतो. बुडाशी खळगे असतात, म्हणून सरळ बाजू सुरू होईपर्यंत खडे व पाणी भरावे आणि तेथे शून्याची खूण करावी. बाहेरून फूटपट्टी चिकटविली की पर्जन्यमापक तयार. त्याची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे शिंतोडे आत उडत नाहीत. भिंत किंवा झाड जेवढे उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर राखावे.

भांड्याचे तोंड मोठे असले तर पाऊस जास्त भरेल, अशी शंका माझ्या वर्गातील मुले दरवर्षी घेतात. मी वाद घालीत नाही. एक रुंद आणि एक अरुंद असे सरळ बाजूंचे दोन डबे शेजारी ठेवावयास सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी दोहोंत पाण्याची उंची सारखी पाहून त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. बादली मात्र चालत नाही. ती खाली निमुळती असते. एकदा कडक उन्हाच्या दिवशी आमच्या शाळेच्या वहीत चार मिलिमीटर पाऊस लागला. चौकशी करता कळले की, शिपाईमामांनी कुंड्यांना पाणी घालताना त्या बाटलीवरही कृपा केली होती.

मापन रोज सकाळी साडेआठ वाजता करावे. हवामानखाते त्याच वेळेस करते, म्हणून आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की खाते त्यास जोरदार म्हणते, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. मोबाइलवर दिसणारा पिवळा रंग लक्ष ठेवा असे सांगतो, नारिंगी तयारीत राहा असे, आणि तांबडा कृती करा असे. दोन पावसाळे वही लिहिली की आपल्या ओढ्यावरील फरशी किती मिलिमीटरला बुडते, विहिरीचे पाणी कितव्या दिवशी चढते, हे वहीतच सापडते. मग नारिंगी रंग दिसल्यावर मुलांना शाळेत पाठवावे की नाही, हे शेजाऱ्यास विचारावे लागत नाही.

वही लिहिताना एक पथ्य पाळावे. पाऊस पडला नाही त्या दिवशी जागा कोरी सोडू नये, शून्य लिहावे. गावाला गेल्यामुळे मोजलेच नाही, तर आडवी रेघ मारावी. नाहीतर चार महिन्यांनी बेरीज करताना कोरड्या जागेचा अर्थ पाऊस नव्हता की आपण नव्हतो, हे आपले आपल्यालाच कळत नाही.