गाडी कुठे थांबणार, हे आधी विचारा

मी लालबागच्या एका चाळीत राहते आणि लालबाग-परळ भागातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम बघते. माझं सासर संगमेश्वर तालुक्यात. त्यामुळे गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबई-गोवा रस्त्याची धूळ खाणं ठरलेलंच. तुमच्यातल्याही पुष्कळ जणी आता मुंबईला येता. कोणी प्रदर्शनात कोकम, पापड, कुळथाचं पीठ विकायला, कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी घरच्या आजारी माणसाला घेऊन परळच्या टाटा नाहीतर केईएमला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर आपलं जाणं-येणं आणखी वाढलं. म्हणून आज लांबच्या प्रवासाबद्दल बोलूया.

सुरुवात आमच्या चाळीतल्या काकींपासून करते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीला गावी जायला आम्ही परळहून एक खासगी गाडी केली होती. रात्री आठला निघालो. एरवी आठ-नऊ तासांत गावात पोचतो, त्या वर्षी सतरा तास लागले. पेणच्या पुढे गाडी जी मुंगीच्या पावलानं चालायला लागली, ती इंदापूर-माणगाव संपेपर्यंत तशीच. काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "नको गं, पाणी प्यायलं की जावं लागतं. कुठे जाणार?" संध्याकाळी चारचा चहा घेतल्यावर त्यांनी पाणी बंदच केलं होतं, हे मला नंतर कळलं.

गाडी थांबली नाही असं नाही. दोनदा थांबली. पण एकदा भर रस्त्यात, वाहतूक अडकली म्हणून, आणि एकदा एका धाब्यावर, जिथे बायकांच्या बाथरूमला कडीच नव्हती आणि दिवाही नव्हता. पुरुष रस्त्याच्या कडेला जाऊन आले. आम्ही एकमेकींकडे बघत बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी काकींना थंडी वाजून ताप भरला. कंबरेत, एका बाजूला प्रचंड दुखायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय. ज्या गौरीसाठी बाई सतरा तास गाडीत बसून आली, ती गौर घरात आली तेव्हा काकींच्या हाताला सलाइन होतं. नैवेद्य धाकट्या जावेनं केला.

आपण याला "प्रवास बाधला" म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण यात बाधण्यासारखं गूढ काही नाही. बाईचा मूत्रमार्ग पुरुषापेक्षा आखूड असतो, त्यामुळे जंतू पटकन वर जातात. पाणी प्यायलो आणि वेळेवर लघवीला गेलो तर ते धुऊन निघतात. पाणी बंद केलं आणि तासन् तास धरून ठेवलं, तर त्यांना आतच मुक्काम मिळतो. शिवाय पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, चक्कर येते, उलटीही जास्त होते. मग आपण म्हणतो, मला गाडी लागते.

तेव्हा पाणी बंद करायचं नाही. एकदम तांब्याभर नको, पण तासाला अर्धा पेला, घोट घोट. लघवी फिकट पिवळी असली तर पाणी पुरतंय, गडद झाली तर कमी पडतंय. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. मीठ अंदाजानं घालू नका, जास्त झालं तर उलटा त्रास होतो.

तुम्ही म्हणाल, ताई, पाणी प्यायला सांगता, पण जायचं कुठे? बरोबर आहे. खरा प्रश्न तोच आहे.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची चळवळ चालली. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईकडून मात्र पैसे, असं का, हा तिचा साधा प्रश्न होता. महामार्गावर तर पैसे देऊनही धड जागा मिळत नाही. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह ठेवणं तेल कंपन्यांच्या नियमात आहे. कुलूप लावलेलं दिसलं तर किल्ली मागायची, लाजायचं नाही. पण एकटी बाई रात्री दोन वाजता ड्रायव्हरच्या मागे जाऊन "जरा थांबवा हो" म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं. म्हणून हे काम गाडीत बसण्याआधी करायचं, आणि एकटीनं नाही, गटानं करायचं.

पुढच्या वर्षी आम्ही काय केलं ते सांगते. गाडी ठरवणारा दादा पैसे गोळा करायला आला. आम्ही बावीस बायका होतो, म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी. आम्ही म्हटलं, "दादा, पैसे तयार आहेत. फक्त पावतीच्या मागे थांबे लिहून द्या." तो हसला. म्हणाला, "बायकांचं ऐकलं तर दर मैलाला थांबावं लागेल." आम्ही पैसे परत गटाच्या पेटीत ठेवले. दोन दिवसांनी तो आला आणि लिहून दिलं: पनवेल, माणगाव, खेडचा भरणे नाका, चिपळूण. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. वाहतूक अडकली आणि अडीच-तीन तास झाले, तर मध्येच जिथे उजेड आणि बाथरूम असेल तिथे आणखी एक. तुमच्या गावचा रस्ता वेगळा असेल, कराड-सातारा असेल नाहीतर नाशिकचा, पण हिशोब हाच धरायचा.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती त्या दादाला सांगितल्यावर तो गप्प झाला. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१चा कायदा होता. सलग पाच तास काम झालं की ड्रायव्हरला किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे गाडी थांबते ती फक्त आपल्यासाठी नाही. पहाटे तीन ते पाच ही झोपेची वेळ. त्या वेळात स्टिअरिंगवर बसलेला माणूस चहा पिऊन, तोंड धुऊन आलेला असणं आपल्याच जिवासाठी हवं. बुकिंग करताना दुसरा ड्रायव्हर आहे का, हेही विचारा.

थांब्यावर दोघी-दोघींनी जायचं. एक आत, एक दाराशी. पिशवीत छोटी टॉर्च, साबणाची वडी, जुनी वर्तमानपत्रं आणि एक जुनी सुती साडी असू द्या. साडी आडोशाला होते, थंडीत पांघरायला होते, लहान मुलाला झोळीला होते. प्रवासात सैल सलवार-कमीज नाहीतर गाऊन बरा. सासूबाई काय म्हणतील, असं आमच्याही काही जणींना वाटलं होतं. आता सासूबाईही गाऊनवर येतात.

पाळी असेल तर चार ते सहा तासांत पॅड बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत. आणि इथे एक गोष्ट जरा स्पष्टच बोलते. गणपतीत अडचण नको म्हणून पुष्कळ जणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, मेडिकलवाल्याला विचारून किंवा शेजारणीच्या पाकिटातून. या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो. त्यात बारा-पंधरा तास पाय लोंबकळत ठेवून बसणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलं होतं की चार तासांहून जास्त प्रवासात बसून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धडधाकट माणसाला तो तसा थोडाच असतो, साधारण सहा हजारांत एकाला. पण गरोदर, नुकती बाळंत झालेली, ऑपरेशन झालेली, वजन जास्त असलेली किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारी, यांना तो जास्त. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असली गोळी घेऊ नका. देवाला जायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. जीव मात्र आपला आहे.

बसल्या जागी पावलं वर-खाली करा, घोटे गोल फिरवा, तासातून दोन-तीनदा. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून चाला, नुसत्या खिडकीतून चहा मागू नका. पायाखाली तांदळाचं पोतं ठेवून गुडघे छातीशी घेऊन बसायची आपली सवय फार वाईट. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखून गरम लागली, किंवा एकाएकी धाप लागून छातीत दुखलं, तर "दमले असेन" म्हणून झोपू नका. सरळ डॉक्टर गाठा.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या बाजूची जागा घ्यावी, दूरवर बघावं, मोबाइलमध्ये डोकं घालू नये. अगदी उपाशीही बसू नये. भाकरी-चटणी, केळं, चुरमुरे असं हलकं बरं. वडापाव घाट संपल्यावर. डॉक्टरांनी उलटीची गोळी दिली असेल तर ती निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. साखरेच्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, टपावरच्या बॅगेत नाही. आमच्याकडे एकदा इन्सुलिन टपावर आणि बाई खाली, असं झालंय.

आता सामान. मखर, पोती, फणस, सगळं मधल्या वाटेत रचायचं आणि त्यावर पोरं झोपवायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. १ जुलै २०२३ला समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. गाडी दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दार बंद झालं होतं. वाचले त्यांतले काही जण काच फोडून बाहेर आले. तेव्हापासून मी गाडीत चढले की आधी बघते, संकटकाळचं दार कुठे आहे, ते उघडतं का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का. शेजारच्या दोघींना दाखवून ठेवते. त्या दारापाशी पोतं दिसलं तर ते आधी हलवायचं, मग भजन सुरू करायचं.

छोट्या गाडीनं निघालात तर मागच्या सीटवरही पट्टा लावा. गरोदर बाईनं खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या बाजूनं घ्यावा.

फोन चार्ज करून ठेवा आणि तीन नंबर पाठ करा: १०८ रुग्णवाहिकेला, ११२ कुठल्याही संकटात, आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. एका चिठ्ठीवर आपलं नाव, चालू गोळ्या आणि घरच्या दोन माणसांचे नंबर लिहून बटव्यात ठेवा. फोन हरवला तरी चिठ्ठी राहते.

काकी गेल्या वर्षी आमच्याबरोबर आल्या. बाटली घेऊन बसल्या होत्या आणि माणगावला सगळ्यांत आधी त्याच उतरल्या. यंदाची गाडी अजून ठरायची आहे. दादाला निरोप गेलाय की पावतीवर थांबे लिहूनच ये, आणि तुमच्या गावाहून कोणी मुंबईची गाडी ठरवत असेल तर त्यालाही हाच निरोप द्या.