मनाच्या चिकित्सेचें शिक्षण

वाशीम जिल्ह्यांत, मंगरूळपीर तालुक्यांत, शेलूबाजार हें गांव आहे. २०२२ सालीं समृद्धी महामार्ग वाहता झाला, त्यास येथें एक उतार मिळाला आणि नागपूर पूर्वीपेक्षां पुष्कळच जवळ आलें. परंतु या गांवच्या एखाद्या विद्यार्थिनीनें चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हावयाचें मनांत आणलें, तर तिची वाट अद्यापि लांबचीच आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं ज्या सहा जिल्ह्यांस पंतप्रधानांनीं विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत वाशीमहि होता. अशा शिक्षणाची गरज येथें किती आहे, हें श्रोत्यांस निराळें सांगावयास नको.

पहिला टप्पा पुस्तकी. मानसशास्त्र घेऊन बी. ए. व्हावें, मग एम. ए. व्हावें, हें अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंत साधतें. एवढ्यानें रुग्ण तपासण्याचा अधिकार येतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चूक आहे. शारीरशास्त्र मुखोद्गत केलेल्या मनुष्याच्या हातीं कोणी शस्त्रक्रियेची सुरी देत नाहीं.

खरें शिक्षण त्यापुढचें. आपल्या देशांत त्याचा पाया १९५५ सालीं बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेंत घातला गेला. तेथल्या पदविकेचेंच पुढें एम. फिल्. झालें, पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेंतहि तें शिकविलें गेलें. दोन वर्षें पूर्ण वेळ रुग्णालयांत, जाणत्याच्या नजरेखालीं काढावयाचीं. आधीं रुग्णाची हकीकत टिपावयाची, मग कसोट्या घ्यावयाच्या. उपचार सर्वांच्या शेवटीं. कसोट्यांत मराठी माणसाच्या परिचयाची एक आहे: बिने यांचें बुद्धिमापन व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांकरितां बसवून १९३४ सालीं प्रसिद्ध केलें.

कसोटी शिकवितां येते. ऐकणें शिकविणें अधिक कठीण. वऱ्हाडांतील बाई “मले काही गमत नाही” इतकेंच बोलून थांबते. शहरांत वाढलेल्या शिकाऊ उमेदवारास वाटतें, बाईस करमत नाहीं एवढेंच. जाणता गुरु तेथें पुढचे प्रश्न विचारावयास लावतो: झोंप लागते काय? जेवण जातें काय? जिवाचें बरेंवाईट करून घ्यावें असें मनांत येतें काय? हा शेवटचा प्रश्न उच्चारतांना नवख्याची जीभ अडखळते. विचारल्यानें तो विचार मनांत रुजेल, ही त्याची भीति असते. वस्तुतः तसें होत नाहीं. उलट विचारल्यावर माणूस बहुधा मोकळा होतो. हें पुस्तकांत वाचून भागत नाहीं, गुरूच्या समक्ष दहा वेळां विचारावें लागतें.

यानंतर नोंदणी. १९९२ च्या कायद्यानें ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानेंहि देखरेखीखालील शिक्षणाची अट घातली. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं एम. फिल्. पदवी बंद केली. या शाखेस मात्र २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. पदवीचें नांव बदलेल. देखरेख सैल पडली तर मात्र रुग्णाचें नुकसान ठरलेलें.

१९९६ सालीं आरंभलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांत मनोविकारतज्ज्ञाबरोबर अशा मानसशास्त्रज्ञाचीहि जागा धरलेली आहे. एवढ्या जिल्ह्यास ती पुरणार कशी? म्हणून गांवोगांवच्या आशासेविकांस रुग्ण कसा ओळखावा हें शिकविण्याचें कामहि त्याच पथकाकडे सोंपविलें आहे.