घरातील शजरा आणि शाळेचे रजिस्टर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपण शाळेत एक दिवस केवळ वंशावळीसाठी ठेवला होता. घरातील जुने कागद आणि घरातील बुजुर्ग, दोन्ही घेऊन या, एवढेच सांगितले होते. ज्यांना येता आले नाही, त्यांच्यासाठी त्या दिवसाची हकीकत सांगतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या असतात. पणजोबाचे नाव तिथे सापडते. आपल्याकडे तशी सोय नाही. शजरा हा शब्द मात्र आपल्या ओळखीचा. पण खुलताबादच्या दर्ग्यांशी निगडित असलेला शजरा पीर आणि मुरीद यांच्या सिलसिल्याचा असतो, रक्ताच्या नात्याचा नव्हे. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात नसतो.

त्या दिवशी एका घरचा सुरेख शजरा आला. चौदा नावांत थेट अरबस्तान! इतिहासकार इब्ने खल्दून (१३३२–१४०६) याने शतकाला तीन पिढ्या असा हिशेब सांगितला आहे. त्या हिशेबाने चौदाशे वर्षांना चाळीसवर नावे हवीत. मुलांनी फळ्यावर गणित मांडले, तेव्हा प्रत्येक पूर्वजाला शंभराव्या वर्षी मुलगा झाला असे निघाले. बुजुर्गही मनमोकळे हसले. आणि मला सांगा, १६१० मध्ये खडकी वसवून आपल्या या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याला कोणत्या शजऱ्याचा आधार होता?

खरा प्रश्न निराळाच आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन ही आपल्यातील घराणी राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. मुलाला त्याचा लाभ हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, त्यासाठी वंशावळ शपथेवर द्यावी लागते, आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदींना मोठे महत्त्व असते. इथे आपली पंचाईत होते. शाळेत नाव घालताना वालिदांनी पेशा सांगायला संकोच केला, किंवा मास्तरांनी विचारलेच नाही, आणि रकान्यात नुसते 'मुसलमान' किंवा 'शेख' लिहिले गेले. इस्लाममध्ये जात नाही, हे बुजुर्गांचे म्हणणे धर्माच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण पेशावरून पडलेले मागासलेपण खरे आहे, आणि ते लपवून गेले नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा दिलीपकुमारसारखा मोठा नट तिच्या व्यासपीठावर आला. त्याचे वडील फळांचे व्यापारी होते, आणि ते सांगायला तो कधी लाजला नाही.

त्या दिवशी बारावीतील एक मुलगी आली होती. वडिलांच्या आणि आजोबांच्या दाखल्यावर 'मुसलमान'. घरचे निराश झाले होते. आम्ही तिच्या आजीला बोलते केले. आजीने सांगितले की, आजोबांना एक थोरले भाऊ होते, ते दुसऱ्या तालुक्यात जाऊन राहिले. त्यांचे नाव कोणी कधी वंशावळीत लिहिलेच नव्हते. पुढे त्या गावच्या शाळेतून त्यांचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. उर्दूत, सन १३४७ फसली. जातीच्या रकान्यात 'बागवान'. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील अशी नोंद कामी येते. म्हणून वंशावळीत चुलते, चुलतआजोबा, सगळे हवेत, केवळ बाप-मुलाची सरळ रेघ नको. आणि आजीला विचारा! शजऱ्यात बायकांची नावे नसतात, पण शजरा पाठ असतो तो बायकांनाच.

फसली सनाचे कोडे अवघड नाही. निजामी राज्यात हे साल ऑक्टोबरात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीत ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांत ५९१. म्हणजे १३४७ फसली हे १९३७–३८. अवघड आहे ते अक्षर. छापील उर्दू वाचणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण दफ्तरातले घसटे शिकस्ता अक्षर त्यांना उलगडत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ ची नागरिक नोंदवही, जन्ममृत्यूचे गाव नमुना १४, हे कागद सर्वांचेच आहेत. त्यांत तुमचेही घर असू शकते.

तेव्हा पालकहो, प्रवेश अर्जाची तारीख जवळ येईपर्यंत थांबू नका. मुलगा आठवीत असतानाच कागद काढायला लागा. पूर्ण ताव घ्या, मध्यभागी मुलाचे नाव लिहा, वर चार पिढ्या, प्रत्येक नावापुढे गाव आणि शाळा. आणि ज्यांना शिकस्ता वाचता येते अशा बुजुर्गांनी आपले नाव शाळेच्या कार्यालयात नोंदवावे. आठवी-नववीची दहा मुले त्यांच्याकडे रविवारी शिकायला बसायला तयार आहेत.