आकडा वेळेवर आला तर



गणपतीच्या मांडवात कारखान्याविषयी बोलायचं म्हणजे जरा अवघडच. आम्ही उद्यमबागेतल्या एका लहान फौंड्रीतली माणसं. बोलणारं तोंड एक असलं तरी सांगणं सगळ्यांचं आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो.

सुरुवात निपाणीपासून करू. आमच्यातल्या बऱ्याच जणांची घरं त्या बाजूची. तंबाखूच्या दिवसांत लहानपणी पहाटेच उठवलं जायचं, कारण वाळलेला पाला दवानं मऊ असतानाच उचलायचा. ऊन चढलं की पान कडक होतं आणि हात लागताच त्याचा चुरा होतो. वडील पान बोटांत धरून सांगायचे, ‘आत्ता उचला’ किंवा ‘थांबा जरा’. हेच दुपारी कळून काय उपयोग? आज ज्याला ‘रिअल टाइम डेटा’ म्हणतात तो याहून फार वेगळा नाही. चालू कामाची खबर, काम हातातून निसटायच्या आत.

बेळगावला लोखंड नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथंच सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगरही इथंच घडवला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्या नांगरानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी सुरुवातीला तो घेईनात. नव्या वस्तूकडं संशयानं बघायची आपली रीत तेव्हापासूनची, तिचा अनुभव आम्हालाही आला.

आता भट्टीकडं येऊ. आम्ही एसजी आयर्नची कास्टिंग काढतो. वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियम दिलं की आतला ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसतो आणि माल चिवट होतो. पण मॅग्नेशियम उडत जातं. साधारण दहा मिनिटांत साचे भरून झाले नाहीत तर गुण उतरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. कास्टिंग तसंच गुळगुळीत, तसंच वजनदार. ते गाडीत बसतं आणि मोडायचं तर रस्त्यावर मोडतं.

असाच एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. आम्ही लॉगबुक उघडलं. प्रत्येक ओळीत तापमान १४००, अक्षर एक, शाई एक. सगळी पाळी शेवटच्या पाच मिनिटांत लिहिलेली. लिहिणाऱ्याला काय बोलणार? त्याच्या हातात दिवसभर हातमोजे आणि समोर धग. ते बुक आम्ही ऑडिटरसाठी ठेवलं होतं, भट्टीवरच्या माणसासाठी नव्हतंच.

मग हळूहळू सोय केली. तापमानाचा थर्मोकपल पडद्याला जोडला. मॅग्नेशियम दिल्याक्षणी सुरू होणारं घड्याळ, तयार साच्यांची मोजणी आणि भट्टीचा वीजमीटर, हे सगळं एकाच पडद्यावर आणलं. पाटी कुठल्या भाषेत हा प्रश्न आपल्या भागात लहान नाही. आम्ही नुसते आकडे आणि हिरवा-लाल दिवा ठेवला.

पहिल्याच महिन्यात आम्ही चूक केली. बैठकीत कोणाची लॅडल किती उशिरा गेली ते नावानिशी वाचलं. पुढच्या आठवड्यात थर्मोकपलची टोकं रोज ‘आपोआप’ तुटायला लागली. आम्ही समजलो. या आकड्यांवरून कोणाचा पगार कापला जाणार नाही की नोटीस निघणार नाही, असं मराठीत आणि कन्नडमध्ये उभं राहून सांगितलं. विश्वास बसायला पावसाळा संपावा लागला.

आणि त्या पावसाळ्यानंच खरं काय ते दाखवलं. वीज जास्त जाते याचा ठपका आम्ही वर्षानुवर्षं आमच्या जुन्या मेल्टरवर ठेवत होतो. त्यांना सगळे मामा म्हणत. पडद्यावर दिसलं ते असं, की भट्टी वेळेवर तयार होत होती, पण साचे नव्हते. आपल्याकडच्या पावसात वाळू ओली येते, ओलावा थोडा इकडंतिकडं झाला तरी साचा ढासळतो, मोल्डर तो पुन्हा करतो, आणि तोवर लोखंड भट्टीत नुसतं तापत राहतं. मामा सुरुवातीपासून म्हणत होते, ‘वाळू बघा.’ त्यांच्याजवळ आकडा नव्हता, म्हणून आम्ही ऐकलं नाही. ही गोष्ट आजही आम्हाला टोचते.

आता ओलावा दर मिक्सला मोजतो आणि साचे तयार नसतील तर लोखंड काढतच नाही. दिवा लाल झाला की कोणीही, अगदी हेल्परनंही, ओतणं थांबवायचं आणि उरलेलं लोखंड पिगमध्ये घालायचं. पहिल्यांदा एका पोरानं हात वर केला तेव्हा सगळ्यांच्या नजरा ऑफिसच्या दाराकडं गेल्या. अर्धी लॅडल म्हणजे काही कमी पैसे नव्हेत. आम्ही बाहेर आलो आणि म्हणालो, ‘ओता पिगमध्ये.’ पडद्याचा खरा उपयोग त्या दिवसापासून सुरू झाला.

इथं बसलेल्या ऊसवाल्यांनाही हे लागू आहे. चोथ्यात साखर किती राहिली याचा निकाल लॅबमधून दोन तासांनी आला, तर दोन तास मिल साखर बॉयलरमध्ये जाळत बसते. ज्या मुलांना यात शिरायचंय त्यांच्यासाठी एस. निजलिंगप्पा साखर संस्था आपल्याच शहरात आहे.

पडदाही खोटं बोलतो, हेही सांगितलं पाहिजे. एकदा तापमान बरोबर दिसत होतं. मामांनी धातूचा रंग बघून मान हलवली. दुसरं टोक लावून पाहिलं, पहिलं झिजलेलं निघालं. तेव्हापासून पाळीच्या सुरुवातीला दोन टोकांनी तपासतो.

गेल्या खंडेनवमीला भट्टीबरोबर पोरांनी पडद्यालाही हळदकुंकू लावलं, नेमकं मिनिटांच्या आकड्यावर. पाळी सुरू होताना मामांनीच ते रुमालानं पुसलं. आता आमची रात्रपाळी भरायची वेळ झाली, निघायला हवं.

गणपती बाप्पा मोरया!